बालविभागाची वेबसाइट मुलं एकदा उघडतात आणि परत येत नाहीत, काय बदलायचं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. तालुक्याचं वाचनालय आहे, बालविभागात चारेक हजार पुस्तकं आहेत आणि नोंदी कोहावर, म्हणजे वाचनालयांसाठीच्या मोफत संगणकप्रणालीवर, झालेल्या आहेत. मुलांसाठी वेगळी वेबसाइट करून घेतली, तीत हलणारी कार्टून्स, संगीत, दोन गेम आणि कार्यकारी मंडळाचे फोटो आहेत. मुलं गेमपुरती येतात, पुस्तक कोणी शोधत नाही, आणि ‘अमुक पुस्तक आलंय का’ हे विचारायला आया अजूनही फोनच करतात. आता नव्याने करायचं तर रंग, चित्रं, मांडणी कशी असावी, असं तुम्ही विचारलंय.

रंगांचंही सांगते, पण ते बरंच खाली येईल, कारण अडचण तिथे नाही. मूल पुस्तक निवडतं ते मुखपृष्ठ बघून, मैत्रिणीने सांगितलं म्हणून, मालिकेतलं आधीचं आवडलं म्हणून, नाहीतर ‘भुताचं आहे का?’ एवढ्या एका प्रश्नावर. तुमच्या नोंदींत यातलं काहीच नाही. शीर्षक, लेखक, प्रकाशक, किंमत, दाखल क्रमांक, वर्गांक (पुस्तकाचा विषयवार क्रमांक) ही माहिती ग्रंथपालाच्या आणि तपासणीला येणाऱ्यांच्या कामाची आहे. ती कितीही सुंदर चौकटीत बसवली तरी तिच्यातून मुलाला पुस्तक सापडणार नाही. म्हणून वेळेचा आणि पैशाचा मोठा वाटा नोंदींवर घाला आणि दिसण्याचा विचार त्यानंतर करा.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील. पहिली म्हणजे बालविभाग मुक्तद्वार आहे, म्हणजे मुलं स्वतः कपाटातून पुस्तक घेऊ शकतात, की पुस्तकं काउंटरवरून मिळतात. आपल्याकडे अनेक ठिकाणी मुलांना कपाटापर्यंत जाताच येत नाही. काउंटरवरच्या ताई चार पुस्तकं काढून समोर ठेवतात, त्यातलं एक घ्यायचं. तुमच्याकडे तसं असेल तर मुलाच्या दृष्टीने वेबसाइट हेच कपाट आहे आणि मुखपृष्ठं निवांत चाळता येणं सगळ्यात महत्त्वाचं. मुक्तद्वार असेल तर चाळणं कपाटापाशी होतंच, मग वेबसाइटचं मुख्य काम ‘आत्ता आहे का, कुठे ठेवलंय’ हे सांगण्याचं. दुसरी गोष्ट, फोन कोणाच्या हातात असतो. सहा-सात वर्षांचं मूल आईच्या शेजारी बसून तिच्या फोनवर बघतं, दहा-अकराचं एकट्याने बघतं. तिसरी, वाचनालयात मुलांसाठी एखादा टॅब किंवा जुना संगणक ठेवता येईल का. येत असेल तर ठेवा, पण काउंटरवर नको. पडद्याचा मध्य जमिनीपासून तीन-साडेतीन फुटांवर आला तर दुसरीतलं मूलही उभं राहून वापरू शकतं.

आता नोंदी. प्रत्येक पुस्तकामागे चार गोष्टी हव्यात: मुखपृष्ठाचा फोटो, वाचनाची पातळी, मुलांच्या शब्दांतला विषय, आणि मालिकेतलं असेल तर कितवा भाग.

मराठी बालपुस्तकांची मुखपृष्ठं बाहेरच्या सेवांमधून आपोआप मिळतील या भरवशावर राहू नका. जुन्या पुस्तकांवर आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) नसतो, आणि असला तरी त्यामागे चित्र असेलच असं नाही. स्वतः काढलेले फोटोच वापरा. मोबाइल हे काम स्कॅनरपेक्षा लवकर करतो. खिडकीपाशी टेबल, त्यावर करडा किंवा काळा कागद, फोन स्टँडला लावून बरोबर वरून, फ्लॅश बंद. प्लास्टिकच्या वेष्टनावर प्रकाश चमकतो, त्यामुळे खिडकी पुस्तकाच्या बाजूला यावी, समोर किंवा मागे नको. तरी चमक राहिली तर पुस्तक थोडं फिरवा. वेष्टन काढत बसलात तर काम कधीच संपणार नाही. फोटोला नाव देताना एक चूक हमखास होते. हातात पुस्तक असतं म्हणून बारकोडचा आकडा नाव म्हणून दिला जातो, पण कोहात एकगठ्ठा फोटो चढवताना लागतो तो नोंदीचा अंतर्गत क्रमांक, म्हणजे बिब्लिओनंबर. दोन्हींची जोडी लावणारा एक अहवाल कोहातून आधीच काढून ठेवा आणि झिप फाइलसोबतची यादी त्यावरून तयार करा. चार प्रती असल्या तरी मुखपृष्ठ नोंदीमागे एकच लागतं, त्यामुळे प्रत्यक्ष फोटो चार हजारांपेक्षा बरेच कमी निघतील. स्थानिक मुखपृष्ठं दाखवण्याची सोय कोहाच्या सेटिंगमध्ये आहे, ती चालू करावी लागते. यादीत दाखवायची प्रत ३०० पिक्सेल रुंदीची, २५-३० केबीच्या आत ठेवा. मग एका पानावर २४ मुखपृष्ठं आली तरी साध्या फोनवर पान एक एमबीच्या आतच राहतं. आणि प्रकाशकांना एक साधं पत्र पाठवून मुखपृष्ठं वापरण्याची लेखी परवानगी घेऊन ठेवा.

पातळी ठरवताना वय लिहू नका. चौथीतल्या मुलाला ‘वय ६ ते ८’ असा शिक्का असलेलं पुस्तक चारचौघांत नेता येत नाही, मग ते वाचायचंच राहतं. त्यात आपल्याकडे एक मोठा गट असा आहे की ज्यांची शाळा इंग्रजी माध्यमाची आहे आणि घर मराठी. अकरा वर्षांच्या मुलीला रहस्यकथा हवी असते, पण सलग मराठी परिच्छेद तिला जड जातात. तिला ससा-कासवाचं पुस्तक दिलं तर ती नाराज होते आणि जाडजूड कादंबरी दिली तर दुसऱ्या पानावर थांबते. म्हणून पातळी आणि विषय या दोन स्वतंत्र गोष्टी ठेवा आणि दोन्ही एकत्र निवडता आल्या पाहिजेत: ‘पातळी दोन’ अधिक ‘रहस्य’. परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांच्या पालकांनाही नेमकं हेच हवं असतं.

चार पातळ्या पुरतात. पहिल्या पातळीत पानावर एक-दोन ओळी, मोठा टाइप, मोजकी जोडाक्षरं. दुसरीत पानावर पाच-सहा ओळी आणि जवळजवळ प्रत्येक पानावर चित्र. तिसरीत सलग परिच्छेद, चित्रं अधूनमधून, एका बैठकीत किंवा दोन बैठकींत संपेल एवढा मजकूर. चौथीत प्रकरणं पाडलेली पुस्तकं. ठरवताना पहिलं पान बघू नका, मधलं उघडा. पहिलं पान बहुधा सोपं असतं. सुरुवातीची पन्नास पुस्तकं दोघांनी वेगवेगळी तपासा आणि मग ताडून पाहा. जिथे मतं फुटतात तिथे बोलून नियम पक्का करा, पुढचं एकट्याने करता येतं. हीच पातळी पुस्तकाच्या पाठकण्यावर रंगीत टिकलीने लावा. नुसता रंग मात्र नको: काही मुलांना लाल-हिरवा वेगळा दिसत नाही आणि टिकल्यांचे रंग उडतात. रंगासोबत आकार द्या: वर्तुळ, त्रिकोण, चौकोन, चांदणी. वेबसाइटवर तीच खूण, तोच रंग. पडद्यावर पिवळा त्रिकोण बघितलेलं मूल कपाटापाशी पिवळा त्रिकोणच शोधतं.

मार्कच्या, म्हणजे ग्रंथालयाच्या नोंदींतल्या क्रमांकित रकान्यांच्या भाषेत सांगायचं तर पातळी ५२१ मध्ये, मुलांच्या शब्दांतले विषय ६५३ मध्ये, मालिका आणि भाग ४९० व ८३० मध्ये, आणि शीर्षकाची रोमन व इतर रूपं २४६ मध्ये घाला. वेगळी एक्सेलची फाइल करू नका. ती सहा महिन्यांत मूळ नोंदींपासून तुटते.

विषयांची नावं ग्रंथपालाने टेबलाशी बसून ठरवायची नसतात. महिनाभर काउंटरवर एक वही ठेवा आणि मूल जे शब्द बोलेल ते जसेच्या तसे लिहा. ‘बालकथासंग्रह’ कोणीही मागत नाही. मागतात ते ‘भुताचं’, ‘किल्ल्यांचं’, ‘हसायला येईल असं’, ‘डायनासोरचं’, ‘क्रिकेटचं’, ‘प्रयोग करायचं’, ‘खूप चित्रं असलेलं’. वहीतून बारा ते सोळा विषय निघतात, तेवढे पुरे. हे सगळे पहिल्याच पानावर, एका पातळीवर मांडा. ‘कथा’वर दाबलं की ‘विनोदी’, त्यावर दाबलं की ‘शालेय’ अशी घडी घालू नका. अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात २००२ साली सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय बाल डिजिटल ग्रंथालयाच्या कामातून हे चांगलं पुढे आलं. तिथे मुलं स्वतः डिझाइन करणाऱ्या गटात होती. एकात एक दडवलेल्या यादीपेक्षा सगळे पर्याय समोर पसरलेले असले तर प्राथमिक वयाची मुलं दोन-तीन अटी एकत्र करूनही नीट शोधतात, असं त्यांना दिसलं. मुखपृष्ठाचा रंग, गोष्ट खरी की कल्पनेतली, पुस्तक छोटं की मोठं, अशा वाटाही तिथे होत्या. ‘छोटं की मोठं’ तुम्ही लगेच घ्या, पानांची संख्या नोंदीत आहेच. रंगावरून शोधणं मुलांना आवडतं, पण तुमच्याकडे ते दुसऱ्या टप्प्याला ठेवा.

अ, आ, इ अशी अक्षरांची पट्टी मात्र टाळा. मराठी वर्णानुक्रम मोठ्यांनाही ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’पाशी अडवतो, आणि फोनच्या पडद्यावर चाळीसहून अधिक बारीक चौकोन मुलाच्या बोटाला जमत नाहीत.

शोधाची खिडकी मात्र हवीच, कारण नाव माहीत असलेलं मूल थेट टाइप करतं. बहुतेक मराठी कॅटलॉग इथेच मार खातात, म्हणून एक उदाहरण जवळून बघू. मुलाला ‘फास्टर फेणे’ हवं आहे. ते ‘फास्टर फेने’ लिहितं, किंवा रोमन कळफलकावर एफपासून सुरू करतं, किंवा पीएचपासून. त्याच्या आईला लेखक आठवतो, ती ‘भा रा भागवत’ टाइप करते. नोंदीत आहे ‘भागवत, भा.रा.’, टिंबांसकट आणि मधे जागा न सोडता. चारही वेळा उत्तर येतं शून्य, आणि पुस्तक कपाटात असतं.

यावर उपाय असा. मूळ नोंद आणि टाइप केलेला शब्द दोन्हींचं एक ढिलं रूप तयार करायचं आणि ती रूपं जुळवायची. ढिलं रूप म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ एक करणं, ण आणि न एक, ळ आणि ल एक, श-ष-स एक. शब्दातल्या अनुस्वाराऐवजी लिहिलेले ङ्, ञ्, ण्, न्, म् अनुस्वारात बदलणं. टिंबं, स्वल्पविराम आणि आद्याक्षरांमधल्या जागा काढून टाकणं. जुन्या छापील शीर्षकांत अनुस्वार जास्त असतात, तेही या टप्प्यावर सैल करा. ‘ॲ’ युनिकोडमध्ये (संगणकावर सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवण्याची सामाईक पद्धत) एका चिन्हाने लिहिता येतो आणि ‘अ’वर चंद्र देऊनही, डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. जोडाक्षरांत लपलेली न दिसणारी चिन्हंही तशीच, विशेषतः ‘दर्‍या’, ‘सुर्‍या’ अशा शब्दांत. नोंदी पूर्वी सुरेख किंवा श्रीलिपीसारख्या युनिकोड नसलेल्या फॉन्टांत करून नंतर युनिकोडमध्ये आणल्या असतील तर हा कचरा नक्की सापडेल. रोमनसाठीही असंच: एफ आणि पीएच एक, व्ही आणि डब्ल्यू एक, दुहेरी स्वर एकेरी.

‘असं केलं तर बाळ आणि बाल एकच होतील’ असा आक्षेप येईल. येऊ द्या. चार हजार पुस्तकांत चार जास्तीची मुखपृष्ठं दिसल्याने काही बिघडत नाही; हवं ते न दिसल्याने मूल उठून जातं. फक्त क्रम सांभाळा: तंतोतंत जुळलेलं वर, ढिलं जुळलेलं खाली.

हे कुठे करायचं? कोहाच्या नेहमीच्या झेब्रा शोधयंत्रात देवनागरीसाठी आयसीयू अनुक्रमणिका (युनिकोड अक्षरं नीट ओळखणारी सोय) चालू आहे का ते आधी तपासा. नसेल तर साधा मराठी शब्दही नीट सापडत नाही. पण वर सांगितलेला ढिलेपणा तेवढ्याने येत नाही. तुमच्या आकाराच्या संग्रहाला सोपा मार्ग आहे. शीर्षक, लेखक, पातळी, विषय, मालिका एवढीच माहिती एका फाइलमध्ये रोज रात्री काढायची आणि शोध फोनच्या ब्राउझरमध्येच चालवायचा. युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं, तरी चार हजार नोंदी दोन-अडीच एमबीच्या आसपास बसतात, आणि सर्व्हरने दाबून पाठवल्या तर त्याच्या बऱ्याच कमी. अक्षर टाइप करताच मुखपृष्ठं बदलू लागतात, प्रत्येक वेळी सर्व्हरकडे जावं लागत नाही. ‘आत्ता आहे का’ ही माहिती तेवढी ताजी हवी. ती कोहाच्या सार्वजनिक अहवालातून घेता येते. तो अहवाल ठरलेल्या मुदतीपुरता साठवून ठेवलेला असतो, मूळ सेटिंगमध्ये पाच मिनिटं. एवढा उशीर चालतो. मात्र अहवाल सार्वजनिक करताना त्यात सभासदाचं नाव, क्रमांक किंवा फोन यातला एकही स्तंभ नाही हे दोघांनी तपासा. वेबपत्ता माहीत असलेला कोणीही तो उघडू शकतो.

टाइप करताना मुलांची नजर कळफलकावर असते, वर उघडलेल्या सूचनांकडे जात नाही. म्हणून सूचना बारीक अक्षरांत न देता खिडकीखालीच मोठ्या मुखपृष्ठांसह द्या. अँड्रॉइडच्या कळफलकावर मराठीत बोलून लिहायची सोय असते. तिच्यासाठी काही बांधायची गरज नाही, फक्त खिडकीवर झाकणारं काही ठेवू नका. आणि काहीच सापडलं नाही तर ‘० निकाल’ असं कधीही लिहू नका. ‘हे नाव सापडलं नाही. यातलं एखादं हवंय का?’ एवढं म्हणून जवळची सहा पुस्तकं दाखवा आणि ‘ताईंना विचारा’ हे बटण द्या. न सापडलेले शब्द नावाशिवाय एका यादीत जमू द्या, दर आठवड्याला ती वाचा. पुढची खरेदी कोणती करायची हेही तिच्यातून कळतं.

पुस्तकाच्या पानावर मोठं मुखपृष्ठ, शीर्षक, पातळीची खूण आणि दोन वाक्यांत ओळख. ही ओळख मागच्या मलपृष्ठावरून उतरवू नका, तो मजकूर बहुधा मोठ्यांना उद्देशून असतो. त्याखाली ‘आत्ता आहे’ किंवा ‘बाहेर आहे, अमुक तारखेपर्यंत येईल’. वर्गांकाऐवजी जागा सांगा: ‘खिडकीजवळचं कपाट, खालून दुसरा कप्पा, पिवळा त्रिकोण’, सोबत खोलीचा साधा नकाशा. मालिकेतलं पुस्तक असेल तर ‘आधीचं’ आणि ‘पुढचं’ असे दोन बाण. शेवटी ‘मला हवं’ हे एकच बटण. राखून ठेवायची सोय द्यायची तर किती दिवस राखणार हे ठरवा आणि तिथेच लिहा; पुस्तक न मिळाल्याची एक खेप मुलं विसरत नाहीत.

घरबसल्या वाचायला काही द्यायचं असेल तर परवानगीचा प्रश्न नसलेलं साहित्य घ्या. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी खुल्या परवान्याखाली आहेत, श्रेय देऊन वापरता येतात, आणि त्यांच्याही चार पातळ्या आहेत. ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक बालभारतीने ऑनलाइन वाचायला ठेवले आहेत, त्यांचा दुवा द्या. विकत घेतलेल्या पुस्तकांची पानं स्कॅन करून टाकू नका.

आता दिसण्याकडे. मजकूर १८ ते २० पिक्सेलचा, ओळींमधलं अंतर अक्षराच्या १.६ ते १.८ पट, कारण देवनागरीत मात्रा वर आणि उकार खाली जातात. इंग्रजीच्या मापाने ठेवलं तर ते एकमेकांत घुसतात. अक्षरांमधलं अंतर शून्यच ठेवा. इंग्रजी मुलांच्या साइटवर अक्षरं सुटी करतात तसं इथे केलं की शिरोरेषा तुटते आणि नवशिक्या वाचकाला शब्द कुठे संपला कळत नाही. पानाची भाषा कोडमध्ये मराठी म्हणून नोंदवा. ज्या फॉन्टात सोय आहे तिथे त्यामुळे देठाचा श आणि पाकळीचा ल येतो, शाळेच्या पुस्तकात असतो तसा. मुक्ता किंवा नोटो सान्स मजकुराला चांगले, बलू शीर्षकांना. तिन्ही मोफत आहेत. सजावटी फॉन्टात जोडाक्षरं फुटतात का ते ‘द्ध’, ‘ष्ट्य’, ‘ङ्म’ लिहून बघा. बटणं निदान ४८ पिक्सेलची आणि मध्ये आठ पिक्सेलची जागा. मजकूर आणि पार्श्वभूमी यांचा फरक ४.५ला १ पेक्षा कमी नको, म्हणजे पिवळ्यावर पांढरी अक्षरं बाद. चित्रात लिहिलेला मजकूर शोधातही येत नाही आणि वाचून दाखवणाऱ्या सोयीलाही कळत नाही. आपोआप वाजणारं संगीत आजच काढा. आईच्या फोनवर घरात आवाज झाला की ती पान बंद करते. हलणारी चित्रं मुलाचं बोट आपल्याकडे ओढतात, पुस्तकाकडे नाही. रंगीबेरंगी मुखपृष्ठं पडद्यावर पुरेसे रंग आणतातच, त्यांच्यामागे पांढरी किंवा फिकट पाटी ठेवा.

पालकांसाठी वर्गणी, अनामत, वेळ, सुट्टीचा वार आणि फोन एवढं तळाशी एका पट्टीत किंवा वेगळ्या पानावर. मंडळाचे फोटोही तिकडेच. मुलाच्या पहिल्या पानावर त्यांना जागा देऊ नका. मंडळाची समजूत घालावी लागेल, पण घाला.

खासगीपणाबद्दल मी काटेकोर आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती मूल आहे. त्यांची माहिती हाताळायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि मुलांचा माग काढणं, त्यांच्या वागण्यावर नजर ठेवणं, त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणं याला मनाई आहे. म्हणून चाळायला आणि शोधायला लॉगिन ठेवूच नका. राखून ठेवायला पालकांच्या सभासद क्रमांकाने आत येऊ द्या. बाहेरच्या कंपन्यांचे मोजणी करणारे कोड, समाजमाध्यमांच्या खिडक्या आणि थेट बसवलेले व्हिडिओ काढा. किती पानं उघडली हे सर्व्हरवरून कळतं, तेवढं पुरे. मुलांनी लिहिलेले अभिप्राय जरूर घ्या, पण नाव पहिलंच, शाळा-इयत्ता नाही, फोटो नाही, आणि ताईंनी वाचल्याशिवाय प्रकाशित नाही. ‘सर्वात जास्त वाचणारा’ ही यादीही नको. तिच्यामुळे मुलं पातळ पुस्तकं उचलतात आणि हळू वाचणारी गप्प होतात.

तपासणी खर्चाची नसते. पाच-सहा मुलं पुरतात, दोन-दोनच्या जोड्यांनी बसवा म्हणजे ती आपसांत बोलतात आणि अडलेलं तुम्हाला ऐकू येतं. ‘आवडलं का?’ विचारू नका, मुलं हो म्हणतात. काम द्या: ‘भुताचं, पण छोटं पुस्तक शोध’, ‘या मालिकेतलं पुढचं कुठलं?’, ‘आता ते कपाटातून काढून आण’. हे शेवटचं वगळू नका. पडद्यावर सगळं जमूनही कपाटापाशी चुकलं तर चूक खुणेत आहे. बोट कुठे थांबतं, कुठला शब्द मोठ्याने दोनदा वाचला जातो, हे लिहून घ्या. मदत करायची नाही, हे सोबत आलेल्या पालकांनाही सांगा.

कामाचा क्रम असा लावा. महिनाभर वही. त्याच काळात आधी तीनशे पुस्तकांचे फोटो आणि पातळ्या, गेल्या वर्षी सगळ्यात जास्त बाहेर गेलेली घ्या. कोहा ती यादी देतं. मग तेवढ्याच पुस्तकांवर साधं पान करून मुलांपुढे ठेवा. डिझायनरला यानंतर बोलवा, तेव्हा त्याला कशावर काम करायचं ते ठोस सांगता येईल. बाकी पुस्तकं हप्त्याहप्त्याने. अनुदान किंवा देणगी मिळणार असेल तर ती फोटो आणि नोंदी करणाऱ्या माणसाच्या मानधनावर खर्च व्हावी असं मला वाटतं.

गेमचं काय करायचं, तर काढा. त्यांची जागा पहिल्या पानावर ‘या आठवड्यात आलेली’ या ओळीला द्या, दहा मुखपृष्ठं, दर शनिवारी बदलणारी. ती वेळेवर बदलावी म्हणून एक नियम करा: नवं पुस्तक दाखल करताना शिक्का, बारकोड आणि टिकलीबरोबर फोटोही झालाच पाहिजे, त्याशिवाय ते कपाटात जाणार नाही. दाखल नोंदवहीत त्यासाठी एक रकाना वाढवा आणि फोटो चढवणाऱ्याने तिथे सही करावी.